आकडे नसलेल्यांचा संघ

न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट नेकमध्ये राहणारा हॅल रिचमन शाळकरी वयातच फाशांवर बेसबॉल खेळवायचं गणित मांडत बसे. 1961 साली त्याने ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा खेळ बाजारात आणला. पांढऱ्या फाशावर 1 ते 3 पडले तर फलंदाजाचं कार्ड बघायचं, 4 ते 6 पडले तर पिचरचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज कार्डावरची ओळ ठरवते. या ओळी खेळाडूच्या खऱ्या हंगामातल्या आकड्यांवरून बेतलेल्या असतात. त्यामुळे 1927 चा बेब रूथ आणि कितीतरी वर्षांनी जन्मलेला पिचर टेबलावर खुशाल समोरासमोर येतात.

या खेळात चारित्र्याचा दाखला लागत नाही. 1919 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या सामनेनिश्चितीमुळे ‘शूलेस’ जो जॅक्सनवर बंदी आली, पण 0.356 ची सरासरी त्याचं कार्ड बनवायला पुरेशी होती.

पण फलंदाज जॉश गिब्सनचं काय करायचं? 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून उतरेपर्यंत मेजर लीगची दारं कृष्णवर्णीयांना बंद होती, आणि त्याच वर्षी जानेवारीत गिब्सन वारला होता. तो खेळला नीग्रो लीगमध्ये. तिथल्या सामन्यांची नोंद ‘पिट्सबर्ग कुरिअर’, ‘शिकागो डिफेंडर’ अशा कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांत सापडते, तीही अर्धीमुर्धी. शिवाय हे संघ पोटासाठी गावोगाव फिरून स्थानिक संघांशी खेळत. हॉल ऑफ फेममधली गिब्सनची पाटी सांगते, ‘जवळपास आठशे’ होमरन. फाशांना ‘जवळपास’ चालत नाही. किती वेळा फलंदाजीला आला, किती वेळा बाद झाला, सगळं लागतं. पिचर सॅचेल पेजची गंमत आणखी कडू. मेजर लीगमधले त्याचे आकडे पूर्वी सुरू व्हायचे 1948 पासून, म्हणजे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. ऐन भरातला पेज त्यात नव्हताच.

मग जुन्या अंकांतले धावफलक संशोधकांनी एकेक करून जुळवले. स्कॉट सिम्कस यांच्या अभ्यासावर ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ने 2009 मध्ये नीग्रो लीगच्या शंभराहून अधिक खेळाडूंचा संच काढला. मेजर लीगला मात्र उशिरा जाग आली. 1920 ते 1948 मधल्या सात लीगना तिने डिसेंबर 2020 मध्ये आपल्या बरोबरीचं मानलं आणि मे 2024 मध्ये आकडे एकत्र केले. गिब्सनची सरासरी निघाली 0.372. तोवर सगळ्यात वर असलेली टाय कॉबची 0.367 मागे पडली.

सामने कमी, तर सरासरी फुगते, हा आक्षेप खोटा नाही. कार्ड करणाऱ्याने तो हिशोबात धरावाच. पण मग रूथच्या कार्डालाही तीच कसोटी लावली पाहिजे: त्याच्या एकाही होमरनमागे लीगच्या सामन्यात पेजसारखा कृष्णवर्णीय पिचर उभा नव्हता. संघात घ्यायचं तर रूथ आणि गिब्सन दोघांनाही घ्यावं, आणि चौथ्या क्रमांकावर गिब्सनला पाठवावं.