इर्शाळवाडी : रात्री साडेदहापर्यंत

१७ जुलै २०२३. दीप अमावास्या. अरबी समुद्रावरून बाष्पाने जड झालेले वारे कोकणपट्टी ओलांडून डोंगरांना भिडतात. पुढे वाट नसते, म्हणून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच कोसळतात. त्यामुळे मुंबईत वर्षाला बावीसशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस माथेरानला दुपटीहून जास्त भरतो, आणि घाटापलीकडचं पुणं सातशे-आठशेवर भागवतं. इर्शाळगड माथेरानचाच शेजारी. त्याच्या कड्याखाली उतारावर ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी, २२८ माणसं.

१९ जुलै, दिवसभर. संततधार. तीन दिवसांची बेरीज ४९९ मिलिमीटर. खाली काळा कातळ, वर माती आणि सुटे दगड. झाडांची मुळं वरचा थर धरून ठेवतात, पानं पावसाचा मार झेलतात. पण पाणी मुरत मुरत कातळापर्यंत पोचलं, की माती आतून फुगते, तिची पकड सुटते. इतक्या खड्या चढावर मग रानाचंही बळ अपुरं पडतं. उघडा उतार तर त्याआधीच सुटतो.

पावसाचा इशारा निघतो जिल्ह्यासाठी. दरड सुटते एका उतारावरून. मधलं अंतर भरून काढायला धोकादायक गावांची यादी असते. त्या यादीत इर्शाळवाडी नव्हती. मला या घटनेतली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट हीच वाटते.

रात्री साडेदहा ते अकरा. अमावास्या उलटून दोनच दिवस झालेले, मिट्ट काळोख. बहुतेक घरं झोपलेली. काही पोरं शाळेत बसली होती, ती वाचली. डोंगर घरांवर आला.

साडेअकराच्या सुमारास. प्रशासनाला खबर.

मध्यरात्रीनंतर. वाडीला रस्ता नाही. चिखलातली, निसरडी पायवाट. तासाभराहून अधिक चढण. जेसीबी वर नेता येईना. मदतीला निघालेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक जवान चढणीवरच हृदयविकाराच्या झटक्याने गेला.

२० जुलै, उजाडल्यावर. खराब हवेमुळे हेलिकॉप्टरही उडेना. एनडीआरएफचे जवान, ट्रेकर, गावकरी कुदळ-फावड्यांनी, हातांनी माती उपसतात. पाऊस सुरूच.

२३ जुलै. शोध थांबवला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसं मातीखालीच राहिली.