असंच फिरायला: दसऱ्यानंतर उघडणारा खानदेशचा रस्ता

ज्यांना हेडफोन लावून ऐकण्यापेक्षा बसमध्ये स्क्रोल करत वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलण्यातले 'अं' आणि 'तर मग' थोडे कापलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय बाईकचा. पण मायलेज, सीसी आणि 'कोणती घेऊ भावा' यातलं काही नाही. प्रश्न साधा आहे: आपण सगळे दसऱ्यानंतरच बाईक का बाहेर काढतो?

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, घर जळगावचं. दिवाळीला घरी आलो की आमचा चार-पाच जणांचा ग्रुप पहाटे साडेपाचला निघतो. जळगाव, बांभोरीचा गिरणेवरचा पूल, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, धुळे. साधारण नव्वद किलोमीटर. कधी चाळीसगावकडे वळून औट्रम घाट, कधी फर्दापूरवरून अजिंठा. जूनमध्ये चिखल, मेमध्ये तर खानदेशचं ऊन, बोलायलाच नको. पण आश्विन-कार्तिकात सकाळची हवा स्वच्छ असते, शेतात कापूस फुटलेला असतो आणि लांबून सातपुड्याची रेघ दिसते. दुपारी ऑक्टोबर हीट भाजून काढते, म्हणून दहा-अकराच्या आत परतायचं.

आपल्याला ही फक्त हवेची गोष्ट वाटते. पण गेली दोन हजार वर्षं या भागातला माणूस याच दिवसांत रस्त्यावर उतरत आलाय. फक्त तो 'असंच' उतरत नव्हता.

पाऊस म्हणजे रस्ता बंद

आधी जमीन समजून घेऊ. खानदेश म्हणजे तापीचं खोरं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग. जळगावहून धुळ्याला जाताना गिरणा, अंजनी, बोरी, पांझरा अशा नद्या लागतात. आज आपण पुलावरून चाळीसच्या स्पीडने जातो आणि खाली पाणी किती आहे ते बघतही नाही. पूल नव्हते तेव्हा पूर आला की माणूस या तीरावर आणि गाव त्या तीरावर. त्यात काळी माती. कापसाला ती सोन्यासारखी, पण पावसात बैलगाडीचं चाक आसापर्यंत गिळणारी. म्हणून चार महिने प्रवास जवळपास थांबायचा. 'चातुर्मास' हा शब्द आपण व्रतांशी जोडतो, पण त्याच्यामागे चिखल आणि पूर हे अगदी व्यवहारी कारणही आहे.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा जळगावहून साधारण साठ किलोमीटरवर आहे. अजिंठा. वाघूर नदीच्या वळणावर कोरलेल्या तीस लेण्या. सुरुवातीची लेणी इसवी सनापूर्वीची, सातवाहनांच्या काळातली. नंतरची बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळची. बौद्ध भिक्षू एरवी फिरते. पण पावसात फिरायचं नाही, एका जागी राहायचं असा नियम होता. त्याला म्हणतात वर्षावास. राहायला विहार हवेत आणि विहारांसाठी डोंगर हवा. म्हणजे अजिंठा घडण्यामागचं एक मोठं कारण हेच, की पावसात रस्ते बंद असायचे.

आणि वर्षावास संपायचा कधी? आश्विन पौर्णिमेला. त्या दिवसाच्या विधीला 'पवारणा' म्हणतात. तिथी ओळखीची वाटली ना? तीच आपली कोजागिरी. आपण गच्चीवर मसाला दूध पितो, त्याच पौर्णिमेनंतर वाघूरच्या काठावरून भिक्षू पुन्हा चालायला लागायचे.

दूत, फौज आणि कापूस

आता थेट सतराव्या शतकात येऊ. सुरत बंदरात माल उतरायचा आणि आग्र्याकडे निघायचा. त्यातला एक मोठा मार्ग तापीच्या खोऱ्यातून होता: नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर आणि मग बऱ्हाणपूर. फ्रेंच जवाहिरा ताव्हेर्निये याने आपल्या प्रवासवर्णनात या वाटेवरचे मुक्काम नोंदवून ठेवलेत. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाला भेटायला निघाला तो सुद्धा १६१५ चा पावसाळा संपल्यावरच. नोव्हेंबरच्या मध्यावर तो बऱ्हाणपूरला पोचला, तिथे शहजादा परवेझला भेटला आणि पुढे अजमेरला गेला. पुढे इंग्रजांनी या देशात जे काही केलं, त्याच्या सुरुवातीची एक शरद ऋतूतली राईड आपल्या खानदेशच्या वाटेवर झाली असं म्हणायला हरकत नाही!

मराठ्यांचं तर कॅलेंडरच दसऱ्यापासून सुरू व्हायचं. शस्त्रपूजा, आपट्याची पानं, सीमोल्लंघन. आज तो शब्द आपण वर्तमानपत्राच्या मथळ्यात वाचतो, पण तेव्हा त्याचा अर्थ शब्दशः होता: गावाची शीव ओलांडायची आणि मोहिमेवर निघायचं. नद्या उतरलेल्या, घोड्यांना चारा भरपूर, पिकं हाताशी आलेली. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली आणि त्याच हिवाळ्यात त्यांची फौज खानदेशातून पुढे वऱ्हाडात कारंजापर्यंत गेली. १७२८ मध्ये चिमाजीअप्पा असेच पावसाळ्यानंतर निघाले, बागलाण-खानदेशातून वर सरकले, नर्मदा ओलांडली आणि २९ नोव्हेंबरला माळव्यात आमझेऱ्याची लढाई जिंकली. दसऱ्याला आपण बाईक धुऊन हँडलला झेंडूचा हार घालतो ना, ती याच शस्त्रपूजेची शेपूट आहे.

पण जरा थांबा. ही गोष्ट ऐकताना आपण स्वतःला आपोआप घोड्यावर बसवतो. त्या वाटेवरच्या गावात राहणाऱ्या माणसाचं काय? धरणगाव घ्या. कापडाची मोठी पेठ, इंग्रजांचीही तिथे वखार होती. १६७० च्या दशकात धरणगाव एकापेक्षा जास्त वेळा लुटलं गेलं. तिथल्या विणकराला 'पाऊस संपला, रस्ता उघडला' ही बातमी आनंदाची वाटली असेल का? उघडलेल्या रस्त्यावरून गिऱ्हाईक येतं, तशीच फौजही येते.

औट्रम घाट, पण औट्रम कोण?

चाळीसगाव-कन्नडचा घाट आपल्या सगळ्यांच्या इन्स्टावर आहे. औट्रम घाट. शेजारच्या अभयारण्याचं नावच गौताळा औट्रमघाट. हा औट्रम कोण, असं मी ग्रुपमध्ये विचारलं तेव्हा एकजण म्हणाला, 'रस्ता बांधणारा कॉन्ट्रॅक्टर असेल भो.'

जेम्स औट्रम हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनीकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला मोठा अधिकारी, त्याने धुळ्याला मुख्य ठाणं केलं. पण डोंगर आणि घाट कंपनीच्या हातात नव्हते. ते भिल्लांच्या हातात होते. घाटवाटा राखायच्या आणि त्याबद्दल हक्काचे पैसे घ्यायचे, ही जुनी पद्धत होती. कंपनीला ती मान्य नव्हती. सात वर्षं फौजा पाठवूनही डोंगर शांत झाले नाहीत. मग १८२५ मध्ये धोरण बदललं. एकीकडे भिल्लांना शेतीवर बसवायचं, दुसरीकडे त्यांच्याच तरुणांची पलटण उभी करायची. ही भिल्ल पलटण औट्रमने धरणगावला उभी केली. त्याच्या शौर्याच्या, शिकारीच्या गोष्टी इंग्रजांनी भरपूर लिहिल्यात. ज्यांचा घाट होता त्यांनी मात्र काही लिहून ठेवलेलं आपल्यापर्यंत आलं नाही. घाटाला नाव मिळालं ते पलटण उभी करणाऱ्याचं.

मला हे त्रास देतं. राईड बंद करावी असं अजिबात म्हणत नाही मी. पण घाटातल्या त्या वळणावर फोटो काढताना एवढं माहीत असावं, की एके काळी ही वाट राखणारी माणसं होती आणि मग ती वाट त्यांची राहिली नाही.

पुढे १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वे आली. नेमकं तेव्हाच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते १८६५. तिथला कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि खानदेशच्या कापसाचे भाव चढले. पूर्वी लमाणांचे तांडे बैलांवर माल वाहायचे, आता शेतातून स्टेशनपर्यंत गाड्यांची रांग लागायला लागली. कापसाचा वेचा दसरा-दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो. म्हणजे पुन्हा तेच दिवस!

'असंच' कधी सुरू झालं?

आता मूळ प्रश्न. भिक्षू धर्मासाठी चालला, वकील राजासाठी, फौज मोहिमेसाठी, गाडीवान कापसासाठी. मग निव्वळ मजेसाठी रस्त्यावर कोण उतरलं?

एक मोठं नाव मुंबईचं आहे. १५ ऑक्टोबर १९२३ ला सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. महिना बघा, ऑक्टोबरच! त्यातले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, साधारण ७१,००० किलोमीटर सायकल चालवून मार्च १९२८ मध्ये परत आले. पण ते अपवाद. आपल्याकडे सायकल म्हणजे दूधवाला, शिक्षक, पोस्टमन. १९५५ पासून मद्रासला बुलेट बनायला लागली, पण ती फौजदाराची नाहीतर बागाईतदाराची. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर. तेव्हा कुठे मास्तर, क्लार्क, केळीवाला शेतकरी यांच्या दारात मोटारसायकल उभी राहिली. तीही कामासाठीच. टाकीवर पोरगा, मागे बायको आणि पायाशी खताची गोणी. 'राईड' हा शब्द आपल्या पिढीने आणला. म्हणजे खानदेशच्या रस्त्यांवर 'असंच' फिरणारी आपली बहुधा पहिलीच मोठी पिढी.

गेल्या वर्षी पारोळ्याजवळ चहाला थांबलो होतो. टपरीवर एक आजोबा बसलेले. त्यांनी विचारलं, 'कुठे चालले पोरांहो?'

'असंच बाबा, फिरायला.'

'असंच?' ते थोडा वेळ आमच्या हेल्मेटकडे आणि गुडघ्याच्या गार्डकडे बघत राहिले. 'कोणाचं लग्न नाही, मयत नाही, बाजार नाही?'

'नाही बाबा.'

'बरं आहे मग तुमचं,' ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात.

तेवढ्यात समोरून एक ट्रक गेला. मागे पत्र्याच्या पेट्या, भांडी, दोन शेळ्या, बाया आणि पोरं. ऊसतोडीला निघालेली माणसं. दसरा-दिवाळीच्या आसपास गाळप हंगाम सुरू होतो आणि जळगाव, धुळे, नंदुरबारमधून असे ट्रक पश्चिम महाराष्ट्राकडे, दक्षिण गुजरातकडे निघतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' म्हणून जातात. शाळा सुटलेली पोरं बरोबर. आजोबांनी त्या ट्रककडे बोट दाखवलं नाही, काही बोललेही नाहीत. पण त्यांच्या 'बरं आहे तुमचं'चा अर्थ मला तेव्हा नीट कळला. तीच हवा, तोच मोकळा झालेला रस्ता. आम्ही दुपारच्या आत घरी भरीत खायला, आणि ते पाच-सहा महिन्यांनी परत.

मग राईड करायची की नाही?

करायचीच! उलट नीट करायची. जाताना एखादं ठिकाण निवडा. धुळ्याला गेलात तर राजवाडे संशोधन मंडळ बघा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जुनी कागदपत्रं जमवली. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच ते गेले आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली. तिथून दहा-बारा किलोमीटरवर लळिंगचा किल्ला, फारुकी सुलतानांच्या काळातला. वरून आग्रा रोड सरळ दिसतो आणि किल्ला इथेच का बांधला ते न सांगता कळतं. फैजपूरला जा, जिथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. अध्यक्ष नेहरू, आणि मंडप सजवायला थेट शांतिनिकेतनातून आलेले नंदलाल बोस.

आणि रात्री परतू नका. या दिवसांत कापसाने भरलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो. ट्रॉलीवाला अडाणी म्हणून नव्हे, त्याला जिनिंगवर नंबर लावायचा असतो म्हणून तो अंधारातच निघतो. ऊसतोडीचा ट्रक पुढे असेल तर हॉर्न मारत कट मारू नका, मागे पोरं बसलेली असतात. रस्ता दोघांचाही आहे, पण आपल्याला तिथे कुणी पाठवलेलं नसतं. आपण हौसेने आलेलो असतो, म्हणून वाट आधी आपण द्यायची.

या भागासाठी गृहपाठ: दिवाळीत घरी असाल तेव्हा आजी-आजोबांना विचारा, 'पावसाळा संपला की तुम्ही पहिला प्रवास कुठे करायचात, आणि कशासाठी?' उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा. अहिराणीत असेल, लेवा गणबोलीत असेल तर फारच छान. पुढच्या भागात ऐकवतो. तोवर हेल्मेटचा पट्टा लावा, टाकी फुल करा. राम राम!