ओरिएंटिअरिंग

अपरिचित प्रदेशातून नकाशा व होकायंत्र यांच्या साहाय्याने, नेमून दिलेली नियंत्रणस्थाने ठराविक क्रमाने गाठीत कमीत कमी वेळात अंतिम रेषेपर्यंत पोहोचण्याची शर्यत. दोन नियंत्रणस्थानांमधील मार्ग आखून दिलेला नसतो. तो स्पर्धकाने धावता धावता स्वतःच ठरवावयाचा असतो. त्यामुळे अन्य शर्यतींत अपवादाने घडणारी गोष्ट, म्हणजे वाट चुकणे, या खेळात मध्यवर्ती ठरते. चूक झाली तर ती कोणाची, नकाशाची, आयोजकांची की धावणाऱ्याची, हा प्रश्न या खेळाच्या इतिहासात वारंवार उपस्थित झालेला दिसतो. साधनांतील व नियमांतील बऱ्याच सुधारणांचे मूळ या प्रश्नातच आहे.

या खेळाचा उगम स्कँडिनेव्हियातील लष्करी शिक्षणात झाला. नकाशा व होकायंत्र घेऊन अनोळखी मुलूख ओलांडणे या अर्थी ‘ओरिएंटेरिंग’ हा शब्द १८८६ मध्ये स्वीडनमधील कार्लबर्ग येथील लष्करी प्रबोधिनीत प्रथम योजिला गेला. सर्वांना खुली असलेली पहिली शर्यत ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेच्या राजधानीजवळ (सध्याचे ऑस्लो) झाली. तीत आठच स्पर्धक होते आणि वाटेत तीन नियंत्रणस्थाने होती. खेळाला लोकप्रियता मात्र स्वीडनने मिळवून दिली. मैदानी शर्यतींकडे तरुणांची पाठ फिरत असल्याचे पाहून लष्करी अधिकारी व बालवीर-चळवळीतील नेते एर्न्स्ट किलांडर यांनी त्यांना जंगलाकडे वळविण्याचे ठरविले. १९१९ च्या मार्चमध्ये स्टॉकहोमजवळ त्यांनी भरविलेल्या शर्यतीत दोनशेहून अधिक स्पर्धक उतरले. नियंत्रणस्थानांची निवड, वयोगट, मार्गाची आखणी यांविषयीचे प्रारंभीचे नियम किलांडर यांनीच घालून दिले.

या काळातील शर्यतींत नशिबाचा वाटा मोठा होता. हाती येणारे नकाशे लष्करी उपयोगासाठी केलेले असत. स्वीडनचा १ : १,००,००० प्रमाणाचा नकाशा घेतला, तर त्यावरील १ मिमी. म्हणजे जमिनीवरील १०० मी. इतक्या लहान प्रमाणात एखादा खडक, खड्डा किंवा लहानशी दलदल दाखविणे अशक्यच असते. (महाराष्ट्रातील गिर्यारोहकांच्या परिचयाचे भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे नकाशेही या कामी अपुरेच पडतील.) म्हणून नियंत्रणस्थाने शेतघर, पूल यांसारख्या ठळक खुणांवर ठेवावी लागत. ती तशी नसली, तर सापडणे न सापडणे पुष्कळदा योगायोगावर अवलंबून राही. होकायंत्राची अडचण वेगळीच होती. त्याची सूची स्थिर होण्यास वेळ लागे आणि तोवर स्पर्धकास थांबून राहावे लागे. १९३० नंतरच्या काही वर्षांत गुन्नार टिलांडर आणि ब्यर्न व आल्वार चेलस्ट्रम हे बंधू यांच्या प्रयत्नांतून पारदर्शक पट्टीवर बसविलेले, द्रवाने भरलेले होकायंत्र प्रचारात आले. नकाशावर कोन मोजणे व त्या रोखाने धावणे ही दोन्ही कामे त्यामुळे एकाच साधनाने होऊ लागली.

खरी क्रांती घडविली ती नकाशाने. खास या खेळासाठी केलेला पहिला रंगीत नकाशा नॉर्वेत १९५० मध्ये निघाला. पुढे हवाई छायाचित्रांवरून पाया तयार करून, प्रत्यक्ष जंगलात पायी हिंडून तपशील भरण्याची पद्धत रूढ झाली. १९६१ मध्ये कोपनहेगन येथे दहा देशांनी आंतरराष्ट्रीय ओरिएंटिअरिंग संघ स्थापन केला आणि नकाशांची चिन्हे सर्वत्र सारखी करण्याचे काम हाती घेतले. तपकिरी समोच्चरेषा, निळे पाणी, काळे खडक व बांधकामे असे हे संकेत आहेत. सामान्य नकाशात हिरवे दाखविले जाणारे जंगल येथे पांढरे असते, कारण ते सहज धावता येण्याजोगे मानले जाते. हिरव्या रंगाने धावण्यास अडथळा करणारी दाट झाडी दर्शवितात. वनातील दीर्घ शर्यतीसाठी १ : १५,००० हे प्रमाण स्थिरावले.

पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६६ मध्ये फिनलंडमधील फिस्कर्स येथे झाली. तीत नॉर्वेचा ओगे हाडलर व स्वीडनची उल्ला लिंडक्विस्ट विजयी झाले. १९७२ पर्यंत वैयक्तिक विजेतेपदे याच दोन देशांकडे राहिली. त्या वर्षी चेकोस्लोव्हाकियातील स्पर्धेत हंगेरीची शारोल्ता मोन्श्पार्ट हिने महिलांचे विजेतेपद मिळवून ही मक्तेदारी मोडली.

नकाशा विश्वासार्ह झाला तसतशी दोष त्याच्यावर टाकण्याची सोय उरली नाही, आणि स्पर्धकांचे लक्ष स्वतःच्या चुकांकडे वळले. त्यांपैकी सर्वांत फसवी म्हणजे समांतर चूक. सारख्या दिसणाऱ्या दोन सोंडा किंवा दोन ओहोळ शेजारी शेजारी असतात. स्पर्धक एकावर असतो आणि दुसऱ्यावर असल्याचे समजतो. सह्याद्रीत चुकीच्या सोंडेने उतरलेल्यास हा अनुभव नवा वाटणार नाही. काही काळ समोरचे सर्व काही नकाशाशी जुळत जाते. जे जुळत नाही त्याचे मन काहीतरी स्पष्टीकरण देते, व नियंत्रणस्थान सापडत नाही तेव्हा स्पर्धक त्याच परिसरात घिरट्या घालू लागतो. वास्तविक जेथे आपण निश्चितपणे होतो त्या जागी परत जाणे, हाच यावरील खात्रीचा उपाय होय. परंतु मिळविलेले अंतर सोडून मागे फिरणे स्पर्धेच्या भरात जिवावर येते.

अशा चुकांतूनच आजची तंत्रे घडली आहेत. नियंत्रणस्थान लहान असल्यास आधी त्याच्याजवळची एखादी ठळक खूण गाठावयाची व तेथून वेग कमी करून काळजीपूर्वक पुढे जावयाचे, ही सर्वमान्य रीत आहे. दुसरे तंत्र अधिक चातुर्याचे आहे. ओढ्यावरील स्थान गाठावयाचे असल्यास सरळ त्याचा रोख न धरता मुद्दाम थोडा उजवीकडे धरतात. ओढा लागताच डावीकडे वळावयाचे हे आधीच ठरलेले असते. न कळत होणाऱ्या चुकीची जागा अशा रीतीने हेतुतः केलेली चूक घेते.

दुसऱ्याच्या मागे धावून ही सर्व विद्या टाळता येऊ नये, म्हणून वैयक्तिक वनशर्यतीत स्पर्धकांना ठराविक अंतराने सोडतात. सांघिक टप्प्यांच्या शर्यतींत सर्वांचा प्रारंभ एकत्र होत असल्याने संघांना काही नियंत्रणस्थाने वेगळी किंवा वेगळ्या क्रमाने देतात. पुढच्याच्या मागोमाग जाऊन त्याच्या स्थानावर नोंद करणारा धावपटू आपल्या संपूर्ण संघाला बाद करू शकतो. ही शिक्षा कठोर वाटते. पण तिच्याविना हा खेळ केवळ धावण्याचा उरला असता.

शर्यतीनंतर आपला प्रत्यक्ष मार्ग नकाशावर रेखाटून इतरांच्या मार्गाशी ताडून पाहण्याची प्रथा जुनी आहे. तिच्यात स्मरणशक्तीवर भिस्त असे. १९९० नंतर इलेक्ट्रॉनिक नोंदीमुळे प्रत्येक टप्प्याचा काळ सेकंदांत मिळू लागला, आणि पुढे उपग्रहाधारित नोंदीमुळे धावलेली वाटही दिसू लागली. स्पर्धक चुकीची जागा बहुधा नियंत्रणस्थानाजवळची सांगतो. नोंद पाहता चुकीचा आरंभ पुष्कळदा बराच आधी, न पाहिलेल्या एखाद्या वळणावर झालेला आढळतो.

२००१ पासून जागतिक स्पर्धेत अतिलघू शर्यतीचा समावेश झाला. ती मुख्यतः शहरांतून व उद्यानांतून होते. येथे मार्ग निवडण्यातील काही सेकंदांचा उशीरही निर्णायक ठरतो, तर नकाशावर अनुल्लंघ्य दाखविलेली भिंत किंवा कुंपण ओलांडणारा बाद होतो. २०२२ पासून सम वर्षी अतिलघू शर्यतींची आणि विषम वर्षी वनशर्यतींची अशा जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आळीपाळीने भरविल्या जातात.