भूतफेरी

भूतफेरी म्हणजे जुन्या वस्तीतून, बहुधा दिवेलागणीनंतर, वाटाड्याच्या सोबतीने पायी हिंडत तिथल्या भुताखेतांच्या आणि अपमृत्यूंच्या कथा ऐकणे. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात १९७३ पासून पर्यटनाचा भाग म्हणून अशा फेऱ्या निघतात. मराठी मुलखात हा व्यवसाय नवा असला तरी त्याची सामग्री फार जुनी आहे. मराठी भूत मुळात मरणाच्या तऱ्हेवरून ओळखले जाते. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला तो मुंजा. त्याचे ठाणे पिंपळावर. बाळंतपणात दगावलेली ती अळवंतीण. वासना अडकून राहिलेला ब्राह्मण समंध होऊन पुरलेल्या धनाभोवती घोटाळतो. भुताचे नाव घेतले की कोण गेले आणि कसे गेले, हे निम्मे सांगून झालेले असते. भूतफेरीची परीक्षा याच कसोटीवर व्हावी, असे प्रस्तुत नोंदीचे म्हणणे आहे. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

पुण्याचा शनिवारवाडा हे याचे सर्वपरिचित उदाहरण. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले, रामशास्त्री प्रभुण्यांनी त्या खुनाचा छडा लावला, हा इतिहास. रात्री वाड्यातून ऐकू येणारी ‘काका, मला वाचवा’ ही हाक आणि ‘ध’चा ‘मा’ या दंतकथा. तिथे दंतकथेच्या पाठीशी नाव, तारीख आणि चौकशी उभी आहे. वाटाडा कितीही रंगवून सांगो, ऐकणाऱ्याला मूळ घटनेपर्यंत पोचता येते. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात नेमके याच्या उलट आहे, आणि म्हणून तिथली फेरी अधिक जोखमीची ठरते.

पांढुर्णा आणि सौंसर हे नागपूरकर भोसल्यांच्या जुन्या राज्यातले मराठीभाषक तालुके. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळे होऊन त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा लावतात, आणि झेंडा मिळवण्यासाठी दोन्ही काठांवरून दगडांचा मारा होतो. हीच गोटमार. झेंडा शेवटी चंडीमातेच्या देवळात अर्पण होतो. मागची कथा अशी : पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत असता दोन्हीकडून दगड आले आणि दोघे मधल्या पात्रातच मेले. चंडीमातेच्या देवळापासून नदीपर्यंतचा रस्ता भूतफेरीसाठीच आखल्यासारखा वाटतो, तो या कथेमुळे. पण या प्रेमिकांना नाव नाही, सालही नाही. गोटमारीत खरोखर मेलेल्यांना मात्र दोन्ही आहे. दगड लागून माणसे दगावली, कित्येकांचे डोळे गेले, हातपाय मोडले. जमाव आवरताना १९७८ आणि १९८७ मध्ये पोलिसांनी गोळीबार केला. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तेही लोकांनी स्वीकारले नाहीत. अशा ठिकाणी वाटाड्याने नुसती प्रेमिकांची कथा सांगितली, तर अनाम मृतांच्या आडोशाला नोंदलेले मृत झाकले जातात. दगड फेकणाऱ्याचा हातही त्या कथेमुळे हलका होतो, कारण मारा जणू पूर्वजांच्या काळापासून ठरूनच गेलेला.

लोककथेकडे पुरावा मागू नये, असा आक्षेप यावर येईल. तो योग्यच आहे, आणि कथा गाळावी असे इथे कोणी म्हणत नाही. उलट ती तिच्या सगळ्या पाठांसह सांगावी. एका पाठात गोटमारीचे मूळ भोसल्यांच्या सैन्याच्या लढाईत आहे, तिथे प्रेमिक येतच नाहीत. एकच पाठ इतिहास म्हणून ठसवला की अन्याय कथेवरही होतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अलीकडच्या मृतांची घरे गावात आहेत, त्यांचे दुःख तिकीट लावून का सांगावे? म्हणून नावे घेऊ नयेत. साल आणि मरणाचे कारण एवढे पुरे, आणि फेरी गोटमारीच्या दिवसांत काढूच नये. अशा फेरीने अंधश्रद्धा वाढेल, ही भीतीही व्यक्त होते. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा इथे लागू नाही, पण त्याचा रोख मार्गदर्शक आहे : भुताच्या नावाने होणारी फसवणूक आणि छळ त्याला रोखायचा आहे. कथा सांगणे हा त्याचा विषय नाही.

हाच फरक सौंसर तालुक्यातल्या जामसावळीला लावून पाहावा. तिथल्या निद्रिस्त हनुमानाच्या देवळात बाधा झाली असे मानलेल्या माणसांना नातेवाईक घेऊन येतात. २०२३ मध्ये तिथे ‘हनुमान लोक’ उभारण्याचे काम हाती घेतले गेले, त्यामुळे पर्यटकांचा ओघ वाढणार आणि पांढुर्ण्याच्या फेरीला जामसावळी जोडण्याचा मोह होणार. तो आवरायला हवा. नदीकाठी गोष्ट मेलेल्यांची असते. इथे समोर घुमणारी बाई जिवंत आहे, आजारी असू शकते, आणि तिच्याकडे बघायला कोणी यावे याला तिने संमती दिलेली नाही. देवळाचा इतिहास सांगायचा तर तो दिवसाउजेडी, बाधेचा विषय न काढता सांगता येतो. भूतफेरीचा शेवटचा थांबा पांढुर्ण्यातच, जामच्या काठावर असावा.