हजेरीपटावरील शाळा आणि गावातील शाळा : महाराष्ट्रातील ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचा ऐतिहासिक आढावा (१८८२–२०२३)

प्रस्तावना :
शाळा नसणे आणि शाळा असूनही ती न चालणे या दोन भिन्न गोष्टी होत. गावात इमारत आहे, हजेरीपट आहे, शिक्षकाचे पदही मंजूर आहे. परंतु अध्यापन होत नाही. अशा शाळेची प्रशासकीय दप्तरात ‘चालू शाळा’ अशीच नोंद असते. ग्रामीण शिक्षणाच्या इतिहासात शाळांची संख्या, पटसंख्या आणि कायदे यांची माहिती विपुल आढळते. शाळा प्रत्यक्षात चालते काय, हा प्रश्न मात्र मागे राहतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

उद्दिष्टे :
१. ग्रामीण सार्वजनिक शाळा निष्क्रिय होण्याच्या कारणांचा कालानुक्रमे शोध घेणे.
२. पटसंख्या आणि शाळेची कार्यक्षमता यांतील संबंध तपासणे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी :
मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसविण्यात आला व त्यातील एकतृतीयांश भाग शिक्षणाकडे वळविण्यात आला. म्हणजे ग्रामीण शाळेचा खर्च शेतकरी स्वतः देत होता. तथापि १८८२ मध्ये हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी निदर्शनास आणले की, इलाख्यातील सुमारे नऊदशांश खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची कोणतीच सोय नाही. बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे शिक्षण, प्रशिक्षित व पुरेसे वेतन मिळणारा शिक्षक आणि शेतकरी समाजातून आलेले अध्यापक या त्यांच्या मागण्या सुपरिचित आहेत. त्याच निवेदनातील आणखी एक सूचना फारशी चर्चिली गेली नाही. वर्षातून एकदा होणारी तपासणी निरुपयोगी असून शाळांची तपासणी निदान दर तिमाहीस व्हावी, त्याखेरीज पूर्वसूचना न देताही शाळांना भेटी द्याव्यात, असे त्यांनी सुचविले होते. कळवून केलेल्या भेटीत जी शाळा दिसते ती रोजची शाळा नव्हे, याची त्यांना पूर्ण जाणीव होती.

सक्तीचे कायदे आणि खेडी :
बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात व १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. ब्रिटिश मुलखातील १९१८ चा मुंबई कायदा मात्र नगरपालिका क्षेत्रांपुरताच होता. खेडी त्याबाहेर राहिली. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला. परंतु जबाबदारीच्या प्रमाणात निधी आला नाही. ही उणीव काही अंशी लोकांच्या पुढाकाराने भरून निघाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने ग्रामीण शिक्षक घडविण्यासाठी १९३५ मध्ये साताऱ्यास अध्यापक विद्यालय सुरू केले आणि पुढे शाळा नसलेल्या गावांत व्हॉलंटरी शाळा उघडल्या. इमारतीआधी शिक्षक तयार करावा लागतो, हा क्रम येथे महत्त्वाचा ठरतो.

स्वातंत्र्योत्तर काळ :
१९६१ च्या अधिनियमानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळांचा विस्तार झाला. परंतु एकशिक्षकी शाळा दीर्घकाळ टिकून राहिल्या. तो एकच शिक्षक रजेवर, बैठकीस वा निवडणुकीच्या कामावर गेला की शाळेस कुलूप लागे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या खडू-फळा मोहिमेत दोन शिक्षक व दोन खोल्यांचा आग्रह धरण्यात आला, तो यामुळेच.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोब’ अहवालासाठी पाहणी करणाऱ्यांनी उत्तर भारतातील शाळांना पूर्वसूचना न देता भेटी दिल्या, तेव्हा सुमारे निम्म्या शाळांत कोणतेही अध्यापन चालू नव्हते. २००३ च्या देशव्यापी पाहणीत एकचतुर्थांश शिक्षक अनुपस्थित आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १५ टक्के, म्हणजे पाहणीतील राज्यांत सर्वांत कमी होते. फुले यांची सूचना अशा रीतीने शतकाहून अधिक काळानंतर संशोधनपद्धती म्हणून उपयोगात आली. महाराष्ट्राची स्थिती तुलनेने बरी होती, हे मान्य केले पाहिजे. मात्र शिक्षक हजर असूनही दोघांनी चार इयत्ता सांभाळायच्या, ही अडचण त्या आकड्यात दिसत नाही.

पटसंख्येचा प्रश्न :
ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर झालेल्या विशेष पटपडताळणीत पटावरील असंख्य विद्यार्थी प्रत्यक्षात आढळले नाहीत. पट हा वस्तुस्थितीचा विश्वसनीय पुरावा नाही, हे त्यातून सिद्ध झाले. तरीही पुढील धोरणे पटावरच आधारली गेली. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून त्यांचे समायोजन करण्याचा निर्णय जाहीर झाला व त्यास विरोधही झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागविण्यात आले.

येथे कार्यकारणभावाची गल्लत होते. शाळा नीट चालेनाशी झाली की ऐपत असलेला पालक मुलास तालुक्याच्या खाजगी शाळेत घालतो, पट घटतो, पट घटला म्हणून शिक्षकाचे पद कमी होते, पद कमी झाल्याने शाळा आणखी खालावते. मागे राहतात ती शेतमजूर, मेंढपाळ आणि ऊसतोड कामगार यांची मुले. शाळा दुसऱ्या गावास गेली की प्रथम मुलींचे जाणे थांबते. अर्थात स्थलांतर आणि घटता जन्मदर यांमुळेही काही वाड्यांचा पट कमी झाला आहे. म्हणूनच प्रत्येक शाळेचे कारण स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
१. शाळांची निष्क्रियता ही प्रामुख्याने इमारतीची नव्हे, तर शिक्षक व निधी यांच्या उपलब्धतेची समस्या राहिली आहे.
२. कमी पट हा अनेक ठिकाणी शाळा खालावल्याचा परिणाम असतो. त्यालाच शाळा बंद करण्याचे कारण मानणे इतिहासाच्या आधारे समर्थनीय ठरत नाही.
३. शाळा बंद करण्यापूर्वी ती किती दिवस व किती शिक्षकांनिशी प्रत्यक्षात चालली, याची पूर्वसूचनेविना तपासणी व्हावी. १८८२ मधील ही अपेक्षा पूर्ण होईपर्यंत हजेरीपटावरील शाळा आणि गावातील शाळा यांतील अंतर कायम राहील.