उभे पान, आडवे पान

गेल्या जूनमधली गोष्ट. शाळेतल्या मुलांना अवांतर वाचनासाठी म्हणून मी काही गोष्टी लिहून काढल्या होत्या. त्यांची ६४ पाने झाली. कागदाचे रीम मात्र एकच, म्हणजे कागद ५००. पाठपोट छापले तरी एका प्रतीला ३२ कागद लागणार, आणि तेवढ्यात १५ प्रतींच्या पुढे गाडी जाणार नाही. दोन्ही तुकड्यांची मिळून मुले तर ६०!

माझा भाचा संगणकातला जाणकार. तो म्हणाला, "मामा, एकेका बाजूला दोन-दोन पानं बसवू. सोळा कागदांत प्रत होईल." त्याने काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली आणि यंत्र कुरकुरत कामाला लागले. पहिली प्रत बाहेर आली. कागद आडवा, त्यावर दोन उभी पाने शेजारी शेजारी. पाहून बरे वाटले. पण पुस्तकासारखे पान उलटले, तो मागची बाजू डोक्यावर उभी! "मामा, कड चुकली माझी," भाचा ओशाळून म्हणाला. १६ कागद फुकट गेले.

ते मी घरी आणले, वाण्याच्या यादीला उपयोगी पडतील म्हणून. संध्याकाळी पाहतो तो आई दिव्याखाली बसून तेच कागद वाचते आहे. एक बाजू संपली की कागदाची खालची कड धरून तो वर उचलायचा आणि पलीकडे पालथा घालायचा, असे तिचे चालले होते. मी म्हटले, "अगं, ते उलटं छापलंय." ती म्हणाली, "उलटं कुठलं? सरळच तर आहे. पोथी कधी वाचली नाहीस का रे?"

त्या एका वाक्याने मला कित्येक शतके मागे नेले. पान सुलटे की उलटे, हे कागदावर ठरत नाही, ते वाचणाराच्या हातावर ठरते. आपली पोथी आडवी का? तर तिचे मूळ ताडपत्रात. ताडाचे पान लांब आणि अरुंद. त्यावर ओळी आडव्याच धावणार. पुढे कागद आला तरी लेखकांनी तोच आकार ठेवला. पोथीची पाने सुटी असतात आणि ती लांब कडेवर, खालून वर उलटतात. म्हणून पाठीमागचा मजकूर पुस्तकाच्या हिशेबाने उलटा लिहावा लागतो. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले. त्यानंतरही शिळाप्रेसवर छापलेल्या कित्येक पोथ्या आडव्या आणि सुट्याच राहिल्या. यंत्र नवे आले, पण हाताची सवय जुनीच होती.

युरोपात याच्या उलट. तिथले पुस्तक उभे आणि शिवलेले. मोठा कागद एकदा दुमडला की दोन पत्रे म्हणजे चार पाने होतात, दोनदा दुमडला की आठ, तीनदा दुमडला की सोळा. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास माइंझ येथे छापलेले बायबल एका घडीचे, भले थोरले. ते पुढ्यात मांडूनच वाचायचे. पुढे व्हेनिसच्या आल्डस मानुटियसने १५०१ मध्ये व्हर्जिल या रोमन कवीचे काव्य तीन घड्यांच्या, म्हणजे अष्टपत्री आकारात काढले. त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने तिरक्या वळणाचे, जागा कमी खाणारे खिळे घडवले. पुस्तक चौरंगावरून उठून हातात आले आणि प्रवासाला निघाले. एका कागदावर अधिक पाने बसवण्याच्या युक्तीने केवढी क्रांती केली पाहा!

पण ही युक्ती वाटते तितकी सोपी नाही. वाचकहो, फराळ आटोपल्यावर घरातल्या मुलांना एक कोरा कागद द्या. तो तीनदा दुमडायला सांगा, प्रत्येक वेळी लांब बाजूच्या मध्यावर. आता घडी न कापता कोपरे उचकून क्रमाने १ ते १६ आकडे घालायला लावा आणि कागद उलगडा. एका बाजूला आठ पाने दिसतील. त्यांतली चार सुलटी आणि चार डोक्यावर! १ च्या शेजारी २ नाही, १६ असेल. ८ च्या शेजारी ९, ५ च्या शेजारी १२, ४ च्या शेजारी १३. कुठलीही जोडी घ्या, बेरीज १७. छापखान्यातला माणूस सोळा पानांचा फर्मा लावताना हेच गणित करी, तेही उलट्या अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांत. त्याचे एक पान चुकले तर सबंध फर्मा रद्दीत. तुमच्या हातातल्या अंकाची पानेसुद्धा अशीच मोठ्या कागदावर उलटसुलट निजून मग घडीत शहाण्यासारखी ओळीने उभी राहिली आहेत.

या खेळात आणखी एक गोष्ट मुलांच्या ध्यानात येईल. उभा कागद अर्धा केला की आडवा होतो, आडवा अर्धा केला की उभा. म्हणजे पाने किती आणि कागद कोणत्या दिशेचा, हे दोन प्रश्न नाहीतच, एकच आहे. मात्र प्रत्येक घडीला आकार बदलतो. एकदा पान ठेंगणे, एकदा उंचेले. हा बदल टाळण्याचे प्रमाण जर्मन पंडित लिश्टेनबर्ग याने १७८६ मधल्या एका पत्रात मांडले: लांबी ही रुंदीच्या वर्गमूळ दोन पट धरा, मग अर्धा कागद पुऱ्या कागदाच्याच आकाराचा राहतो. १९२२ मध्ये जर्मनीने हे प्रमाण आपले मानक केले. आपला २१० बाय २९७ मिलिमीटरचा ए-फोर कागद तोच. म्हणून तर त्याची दोन पाने सुमारे ७१ टक्क्यांवर आणली की एका आडव्या ए-फोरवर नेमकी बसतात.

फर्मा लावणाऱ्याची तीन कामे: पान सरकवायचे, फिरवायचे आणि जागेत बसवायचे. १९८४ मध्ये जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्या अडोबी कंपनीने पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा आणली. तिच्यात सरकव, फिरव, लहान कर अशा आज्ञाच आहेत. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये 'कप्स' या छपाई-व्यवस्थेचे काम हाती घेतले आणि १९९९ मध्ये ती लोकांपुढे आली. भाच्याने टाइप केलेली ओळ तिचीच. 'एलपी' म्हणजे छाप. 'नंबर-अप' बरोबर २ म्हणजे एका बाजूला दोन पाने. 'लँडस्केप' म्हणजे मजकूर आडवा. आणि 'साइड्स' या शब्दापुढे सांगायचे की पाठपोट छापताना कागद कोणत्या कडेवर उलटणार. आमचा आडवा कागद पुस्तकासारखा उलटायचा, तर 'शॉर्ट-एज', म्हणजे आखूड कड हवी होती. भाच्याने 'लाँग-एज', म्हणजे लांब कड सांगितली. यंत्राने निमूटपणे पोथी छापून दिली!

आता माझ्यापुढे खरा पेच पडला. उरलेल्या ४८४ कागदांत दोन-दोन पानांच्या ३० प्रती होत होत्या. 'नंबर-अप' बरोबर ४ म्हटले असते तर ८ कागदांची एक प्रत. ६० च्या ६० मुलांना एकेक मिळाली असती. मोह मोठा होता. मी एक कागद तसा छापून पाहिला. मूळ १४ पॉइंटचे अक्षर ७ वर आले होते. रफार शिरोरेषेत बुडाला, उकार तर शोधावे लागले. पहिल्या बाकावरची मुलगी तो कागद नाकाशी नेऊन वाचू लागली, तेव्हा मला उत्तर मिळाले. कागद वाचतो तेव्हा त्याची किंमत कोणीतरी भरत असतो, आणि इथे ती मुलांचे डोळे भरणार होते.

शेवटी ३० प्रतीच काढल्या, या वेळी आखूड कड सांगून. एका बाकावर दोघांत एक. आडवा कागद, डाव्या पानाला एकाचा हात, उजव्या पानाला दुसऱ्याचा. पुढे वाचणारा मागे राहिलेल्यासाठी थांबतो आणि मग दोघे मिळून कागद उलटतात.

आणि ते फुकट गेलेले १६ कागद? वाण्याची यादी त्यांवर झाली नाही. आईने त्यांना खाली-वर दोन पुठ्ठे लावले आणि लाल फडक्यात बांधून ते देव्हाऱ्याजवळ ठेवले आहेत. दुपारी ती सोडते, एक गोष्ट वाचते आणि पुन्हा बांधून ठेवते.