‘व्हय मी सावित्रीबाई’ : एकटीने उभा केलेला इतिहास

थ्रेड 🧵

आमच्या संगमेश्वरात इतिहास म्हटला की पहिली आठवते ती १ फेब्रुवारी १६८९ ही तारीख : संभाजीराजांची कैद. असा इतिहास रंगमंचावर आणायचा तर घोडे, तोफा, तुताऱ्या हव्यातच, अशी आपली समजूत. आज एका वेगळ्या वाटेविषयी.

१९८९ साली, पत्रकारितेतून रंगभूमीकडे आलेल्या सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग लिहिला आणि स्वतःच सादर केला. त्यात सावित्रीबाई फुले प्रेक्षकांशी थेट बोलतात. मोठ्या नेपथ्याचा बडेजाव नसल्याने प्रयोग गावोगावी जाऊ शकला.

आता साधनांचा प्रश्न. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ चा. जोतीरावांना लिहिलेली १८५६, १८६८ आणि १८७७ ची तीन पत्रे प्रसिद्ध आहेत. १८६८ चे पत्र अवश्य वाचा : गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि महार समाजातील सारजा यांना गावकरी जिवे मारायला निघाले असता सावित्रीबाईंनी मध्ये पडून त्यांना वाचवले, ती हकिकत त्यात आहे.

पण नोव्हेंबर १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे हाती धरून त्या पुढे चालल्या, तेव्हा त्यांच्या मनात काय होते? इतिहासाच्या अभ्यासकाला अशा जागी लेखणी थांबवता येते. ‘मी’ म्हणून उभ्या राहिलेल्या नटीला ती सवलत नाही. तिचा चेहरा काहीतरी सांगणारच. म्हणून एकपात्री प्रयोग पाहावा, त्याने हलून जावे, पण त्यातले वाक्य सावित्रीबाईंचे अवतरण म्हणून पुढे पाठवू नये. (जयंतीच्या दिवशी तर मुळीच नाही!)

मला त्या शीर्षकातील ‘व्हय’ सर्वांत मोलाचे वाटते. आमच्या संगमेश्वरी बोलीला रंगमंचावर बहुधा हशा मिळतो; विनोदासाठीच ती राखून ठेवल्यासारखी. इथे मात्र ‘होय’ नव्हे, ‘व्हय’ म्हणत एक बाई इतिहासातील आपली जागा सांगते. बोलीत उच्चारल्याने तिचे म्हणणे तसूभरही हलके होत नाही.

देशपांडे यांनी पुढे ‘तिच्या आईची गोष्ट’ या एकपात्रीतून तमाशातील बाईचे जगणे मांडले. ‘व्हय मी सावित्रीबाई’ आता तरुण अभिनेत्रीही सादर करतात.